लाल ठिपक्याचा पेला

देवळात नऊ कुमारिकांचे पाट मांडले होते. यादी माझीच. गावात काहीही असलं की यादी मी करते; नारळ कोण आणणार, पाय कोण धुणार, वाढायला कोण. नववं नाव माझ्या भाचीचं होतं. मानकऱ्यांच्या वहिनींनी माझ्या हातातली वही घेतली आणि त्या नावावर काट मारली. सगळ्यांदेखत.

का, म्हणून मी विचारलं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "गो, तुझ्याच घरात तिचो पेलो वेगळो मां? मगे आमका कित्याक शिकवतंस?"

पेला वेगळा होता, हे खरंच.

भाऊ आणि भावजय एचआयव्हीने गेले. नऊ वर्षांच्या भाचीलाही लागण आहे. ती दोन वर्षं माझ्याकडे आहे. एकही गोळी चुकलेली नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एका ताटात जेवून, एका पेल्यातलं पाणी पिऊन हा आजार लागत नाही. ते मी वहीत लिहून घेतलं. आणि घरी येऊन तिच्या ताटाला, वाटीला, पेल्याला नेलपेंटचा लाल ठिपका दिला. व्यवस्था म्हणून.

एकदा वहिनी आमच्याकडे आल्या. पाणी प्यायला त्यांनी नेमका तोच पेला उचलला. मी धावत जाऊन तो काढून घेतला. आजाराचं नाव घ्यायची गरजच उरली नाही; वहिनींना कळलं, मग गावाला.

देवळात भाची पाटावरून उठली. रडली नाही. पिशवीतून तो पेला काढून म्हणाली, "मी भायर बसतंय, आत्ये. माझो पेलो घेवन इलंय."

तिला कुणी आणायला सांगितलं नव्हतं. हे ती माझ्या घरात शिकली होती.

मी वही परत घेतली. म्हटलं, "हे नाव नाही, तर ही यादी माझी नाही." पान फाडलं. तिच्या पेल्यात पाणी ओतलं आणि प्याले. त्यात शौर्य काही नव्हतं. दोन वर्षं उशिरा प्याले.

वहिनींनी शेजारची मुलगी बोलावली. नऊ पाट भरले. आरती झाली. आम्ही दोघी घरी आलो.

आता मी नवी यादी केली आहे. माझ्यामुळे ज्यांना तिचा आजार कळला, ती सगळी घरं. प्रत्येक दारात उभं राहून सांगणार, ठिपका मी दिला, ती चूक होती. यादीत वहिनींचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे.

पहिलं भाचीचं. तिच्यासमोर अजून तोंड उघडलेलं नाही. आज ती शाळेतून आली की उघडणार.