मांगराची कडी

डोळ्यांवर झापड येते आणि मी ती येऊ देते. गाडी आंब्याच्या सावलीत उभी आहे, चारही काचा खाली आहेत, दुपारचे दोन वाजलेत. शेजारी बाबा बसलेत, चौऱ्याऐंशी वर्षांचे, हात मांडीवर ठेवून. पुढची सीट रिकामी आहे. माझी लेक जुई मोबाईल घेऊन गावात शिरली आहे, शापित गावाचं चित्रण करायला. बाबा काही केल्या गाडीतून उतरत नाहीत आणि मला त्यांचा इतका संताप आलाय की झोप लागतेय याचंच नवल वाटतं.

हे आमचं गाव, निरवणी. आता इथे कुणी राहत नाही. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल मिळाला की इथे गावपळण व्हायची. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, जे जे श्वास घेतं ते सगळं तीन दिवस हद्दीबाहेर जायचं. ढोल वाजला की निघायचं, परत ढोल वाजेपर्यंत हद्द ओलांडायची नाही. मी सहा वर्षांची होते तेव्हा भागी आते, म्हणजे बाबांची विधवा थोरली बहीण, मागे राहिली. घरामागच्या मांगरात, लाकडं आणि गवत ठेवायच्या खोलीत, बाहेरून कडी. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा ती मरून पडली होती, पायावर सापाच्या दातांच्या दोन खुणा होत्या. रवणीवर, म्हणजे अंडी उबवत, बसलेली कोंबडी तेवढी तिची पिल्लं घेऊन तुरुतुरु बाहेर आली. मला त्या दिवसातलं ती कोंबडीच आठवते, बाकी काही नाही. पुढच्या पळणीला बाहेर पडलेली निम्मी घरं डांबरी रस्त्याकडेच राहिली, मग हळूहळू उरलेलीही गेली. लोक म्हणतात, भागीचा शाप.

बाबा बावन्न वर्षं एकच वाक्य म्हणत आलेत. "मी इसारलंय तिका."

विसरले! सख्ख्या बहिणीला, छत्री विसरावी तशी! मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. चुकलेल्याला उभं करून चूक कबूल करायला लावायची, माफी मागायला लावायची, ही माझी सवय. आईच्या दिवसकार्यालाही मी बाबांशी याच्यावरून भांडले होते. म्हणून आज त्यांना इथवर आणलं. म्हटलं, त्या मांगराच्या दारात उभे राहा आणि तिची माफी मागा, मग मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. ते म्हणाले, मी गाडीतच बसतंय.

बसा तर बसा. माझे डोळे मिटतात.

पुढच्या सीटवर कुणीतरी बसलं आहे. आधी काष्ट्याचं लुगडं दिसतं, मग मांडीवरची ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी. ती बाई मागे वळून बघते.

"काय गो सुगू, केवढां मोठां झालंस!"

मी तिला ओळखते. भागी आते चाळीशीची आहे, मी अठ्ठावन्नची. ती माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून हसते. मला वाटतं, आपण मोठ्या, आपण तिला धीर द्यायला हवा. पण तोंडातून सहा वर्षांच्या पोरीसारखी तक्रारच निघते.

"आते, बाबा तुझी माफी मागत नाहीत."

"तेणा माफी कित्याची मागूची?"

"तुला विसरले त्याची!"

"कोण म्हणता असां?"

"तेच म्हणतात."

आते कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवते. "तो आनी इसारतलो? तेका माज्या लग्नातले वाढपीपण नावानिशी याद आसत."

"मग कडी कुणी घातली?"

ती कोंबडीच्या पिसांतली गवताची काडी वेचते. शेजारी बाबा आहेत का ते मी बघते. तिथे गवताच्या पेंढ्या रचलेल्या आहेत. गाडीची काच नाही, फळ्याफळ्यांचं दार आहे, आणि फटींतून ऊन आत येतंय. जुन्या गवताचा वास येतो. मी खाली उतरते तेव्हा पाय अंगणातल्या शेणाच्या सारवणाला लागतात. माझ्या अंगात परकर आहे.

आते मांगराच्या आत आहे, मी बाहेर. तिचा आवाज फळ्यांमागून येतो, पण तो आत्ताचा नाही, त्या दिवशीचा आहे. "कोंबडी रवणीक बसली हा. तिका पाटयेत घालतंय, तवसर तू हयच रव."

दाराची कडी माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे. वासरं बाहेर येऊ नयेत म्हणून ती तिथे लावलेली. माझ्या हाताला ती कडी माहीत आहे. हा आमचा खेळ आहे, आतेचा आणि माझा. ती आत गेली की मी कडी घालते, ती आतून ओरडते, "सुगू, उघड गो, वाघ इलो, माका खातलो!" आणि मी हसून हसून वाकडी होते, मग उघडते.

मी माझे हात बघते. ते कडी उचलतात. नको, असं मला म्हणायचं आहे. पण हात लहान आहेत आणि ऐकत नाहीत. ते कडी कोयंड्यात अडकवतात. मग उजवा हात वेणीकडे जातो आणि केसांत खोवलेला लोखंडी आकडा काढतो. टोकाला निळा मणी आहे. आतेनेच सकाळी माझी वेणी घालताना खोवलाय तो. हात आकडा कोयंड्यात घालतो आणि वाकवतो. कडी निघू नये म्हणून.

"सुगू!"

मी हसते.

"सोड गो. आता खेळ नको. ढोल वाजाक लागले."

मी आणखी हसते. ती रोजच ओरडते.

मागून चुलतभाऊ धावत जातो. "चल गो, बैलगाडयेत जागो गावाचो नाय!" आणि माझे पाय पळतात. खरंच पळतात. मी मागे वळून बघत नाही. मी धापा टाकत गाडीत चढते, आईच्या कुशीत शिरते, आणि गाडीत खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आहे.

"आते!" मी ओरडते, पण समोर समुद्र आहे आणि झावळ्यांच्या खोपी. पोरं वाळूत पळतायत. आई म्हणते, भागी खालच्या वाडीच्या बायकांबरोबर असेल. खालच्या वाडीच्या बायका म्हणतात, ती वरच्या खोपीत असेल. मी मासे-भात खातेय. मी वाळूचं घर करतेय. मला भयंकर लाज वाटते, पण खाणं थांबत नाही, पोरीला भूक लागलेली आहे.

आते माझ्याजवळ वाळूत बसते. कोंबडी तिच्या काखेत आहे.

"तुला राग आला असेल," मी म्हणते.

"इलो तर! पयल्या दिसा लय राग इलो. म्हटलंय, गावलां तर फोडून काडतंय तेका." ती समुद्राकडे बघते. "मगे तान लागली. रोज वाटा, आता येतलां, आता आकडो काडतलां."

"मी का नाही आले?"

"येवक देवचे नाय गो कोण. हद्द होती मां."

"मग मी सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगलंस."

आणि मी बाबांच्या खांद्यावर बसले आहे. तिसरा दिवस आहे, ढोल वाजलाय, सगळं गाव परत निघालंय. पुढे देवाचा मानकरी, मागे गुरं. बाबा बत्तीस वर्षांचे आहेत, त्यांचे केस काळे कुळकुळीत. मी त्यांच्या कानाशी वाकते. मला माहीत आहे मी काय सांगणार आहे. मी दातांवर दात दाबते. तरी ते शब्द बाहेर पडतात, बारीक आवाजात, हसत.

"बाबा, आते अजून मांगरात आसा. मी आकडो घातलेलंय."

बाबांची मान दगडासारखी होते. ते मला खाली ठेवतात आणि पळत सुटतात. मानकऱ्याच्या पुढे जाऊन हद्द ओलांडतात. मागून लोक ओरडतायत, अरे देव मागे, तू पुढे, गावाचं वाटोळं करशील! ते थांबत नाहीत. ते एकटे पोचतात. सगळ्यांच्या आधी.

अंगण लांबून दिसतं. बाबा दाराशी वाकले आहेत. त्यांच्या हातात काहीतरी बारीक आहे. ते आधी मागे बघतात, कुणी आलं का. मग ती वस्तू तपकिरीच्या डबीत टाकतात, डबी खिशात ठेवतात, आणि मगच दार उघडतात.

"आते," मी म्हणते, "आते, मी..."

"उठ गो," ती म्हणते. "बापाशीक तान लागली हा. पाणी दी तेका."

मी जागी होते. माझा उजवा हात मूठ वळून छातीशी आहे. दूर मोडक्या भिंतींमध्ये जुईची पिवळी ओढणी दिसते. गाडीत ऊन शिरलंय. शेजारी बाबा मान मागे टाकून झोपलेत, ओठ कोरडे पडलेत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ती पितळी डबी आहे. डॉक्टरांनी तपकीर बंद करून वीस वर्षं झाली, तरी बाबा ती घेऊन फिरतात. कुणाला हात लावू देत नाहीत. मी चेष्टा करायची, बाबांची दुसरी बायको म्हणून.

मी दोन बोटांनी डबी काढते. झाकण घट्ट आहे. उघडतं तेव्हा तपकिरीचा जुनाट वास येतो. आत एक लोखंडी आकडा आहे, गंजून तांबडा झालेला, मधोमध वाकलेला. टोकाला निळा मणी.

आकडा तळहातावर घेऊन मी नुसती बघत राहते. बावन्न वर्षं. गाव त्यांच्यावर थुंकलं, आईने मनात राग ठेवला, आणि मी, मी त्यांना दर सणावाराला उभं केलं.

वर बघते तर बाबा जागे आहेत. ते आकड्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

"बाबा, मी..."

ते हात पुढे करतात, माझ्या तळहातावरचा आकडा उचलतात आणि डबीत ठेवतात. झाकण लावतात. ते पहिल्याच फटक्यात लागतं.

"मी इसारलंय तिका," ते म्हणतात.

मी त्यांना पाण्याची बाटली उघडून देते. ते पितात. माझ्या तळहातावर गंजाची तांबडी रेघ उमटली आहे. मी ती पुसत नाही.

मग मी गाडीचं दार उघडते. मांगर इथून दिसतो. छप्पर गेलंय, दाराची चौकट उभी आहे. तिथवर मला जायचं आहे, आणि पाय उचलत नाहीत.

मागून बाबांचा आवाज येतो.

"पाय बगून टाक गो. रानात जनावर आसता."