आधी हातात येणारे दहा

पिंजऱ्याचं झाकण उघडण्याआधी मामा त्यावर दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "येऊ का?" आतले पांढरे उंदीर कधी नको म्हणाले नाहीत, तरी मामा क्षणभर थांबायचे. मी हसले की म्हणायचे, "तुमच्या घराचं छप्पर उचलून कुणी एकदम हात घातला तर चालेल का, मॅडम?"

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर आमची औषधांची प्रयोगशाळा. तिथले प्राणी सांभाळायचं काम मामांकडे. मानखुर्दहून यायचे. हुद्द्याने सगळ्यांत खाली, पण प्राण्यांच्या खोलीच्या दाराशी त्यांचंच राज्य. "सेंट लावून आत नाही," हा त्यांचा नियम, कारण वासाने उंदीर बिथरतात. एकदा आमचे संचालक पाहुण्यांना घेऊन दरवळत आले, तर मामांनी त्यांना बेसिनपाशी नेऊन हातात साबण दिला. संचालकांनी मुकाट्याने मान धुतली. मग पाहुण्यांनीही धुतली. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याचा हुद्दा कुणाला आठवत नाही आणि त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

सशांवर मात्र मामांचा उगाचच राग. "दिसायला गोड, पण मनातलं कधी सांगत नाही," म्हणायचे.

मी तेव्हा भीती कमी करणाऱ्या एका औषधावर काम करत होते. माझ्या प्रयोगाचा आराखडा अठरा पानांचा होता. विद्वानांच्या समितीने तो तीनदा परत पाठवला, त्यात एकदा समास कमी सोडला म्हणून. पिंजऱ्याची लांबी-रुंदी, खोलीचं तापमान, सगळं त्यात होतं. उंदरांच्या मागणीच्या फॉर्मवर 'नग : वीस' असं लिहिलं होतं. मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "वीस जण. बरं."

प्रयोगाच्या दिवशी मी सांगितलं, "मामा, पहिले दहा या बाजूला काढा, त्यांना औषध. उरलेले दहा त्या बाजूला, त्यांना नुसतं पाणी."

मामा थांबले. "पहिले म्हणजे? आधी हातात येतील ते?"

"हो."

"चिठ्ठ्या टाकूया का? आमच्या सोसायटीत पार्किंगला टाकतात. कटकटच नको."

"मामा, हा प्रयोग आहे. हळदीकुंकवाचा लकी ड्रॉ नाही."

आता कबूल करते. चिठ्ठ्या टाकूनच गट पाडावेत हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं आणि त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. परीक्षा संपली तसं ते डोक्यातूनही गेलं.

प्रयोग साधा होता. जमिनीपासून उंच, एका टोकाला आडोसा असलेल्या अरुंद फळीवर उंदराला सोडायचं. भित्रा आडोशाला बसून राहतो, धीट उघड्या टोकापर्यंत जातो. औषधवाले संध्याकाळी फेरफटका मारायला निघाल्यासारखे हिंडले, पाणीवाले आडोसा सोडेनात. पुढे मेंदू तपासण्यासाठी वीसही उंदीर मारावे लागले. शेवटी त्यांना हातात धरलं ते मामांनीच. आमच्या विभागप्रमुख सरांनी परिषदेसाठी शोधनिबंध लिहायला घेतला आणि मी पेढे आणले.

मामांनी पेढा घेतला नाही.

"मॅडम, त्या दहांना पाणी पाजलं असतं ना, तरी ते असेच हिंडले असते."

"कशावरून?"

"जो आधी हातात येतो तो धीट असतो म्हणूनच येतो. भित्रा कोपऱ्यात, सगळ्यांच्या खाली. तुम्ही धीटांना औषध दिलंत आणि भित्र्यांना पाणी."

मी पेढ्यांचा पुडा बंद केला. मग त्यांच्यावरच चिडले. "हे तेव्हाच का नाही बोललात?"

"चिठ्ठ्या म्हणालो होतो ना."

दोन दिवस मला वाटत होतं की सरांना सांगूच नये. समितीने आराखडा पास केला होता, आकडे चोख होते, कुणाला कळणार होतं? पण रोज सकाळी दाराशी मामा असायचे. ते नेहमीसारखं दार उघडून धरायचे आणि तेच जड जायचं. शेवटी सांगितलं.

"मामा म्हणतात म्हणून सगळं परत करायचं?" सरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हटलं.

पुन्हा वीस उंदीर आले. चिठ्ठ्या मामांच्या जेवणाच्या डब्यात टाकल्या. डबा त्यांनी दोनदा घासून आणला होता. या वेळी औषधवाले आणि पाणीवाले सारखेच आडोशाला बसले. औषधात काहीच दम नव्हता. निबंध बारगळला. मला रडू आलं, तेव्हा मामा म्हणाले, "ह्या वीस जणांचं चीज झालं, मॅडम. औषध कामाचं नाही हे तरी कळलं." पहिल्या वीस जणांबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मामांच्या निवृत्तीच्या महिन्यात आम्हाला शिकवायला बाहेरून एक तज्ज्ञ आले. त्यांनी पडद्यावर दाखवलं, 'पिंजरा उघडण्यापूर्वी हलकेच वाजवावा, म्हणजे प्राणी दचकत नाही.' आम्ही सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मागच्या रांगेत बसून मामांनीही लिहून घेतलं. प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र त्यांनाही मिळालं.

आता ते मानखुर्दला घरी असतात. फोन केला की मामी तक्रार करतात, "अहो, पिठाचा डबा उघडतानाही टकटक करतात हे."

आमच्याकडे हल्ली गट कॉम्प्युटर पाडतो. फॉर्मवर त्यासाठी नवा रकाना आलाय, 'नग' मात्र तसाच आहे. दाराशी अडवणारं कुणी नाही, म्हणून मी आपणहून हात धुते. आत जाऊन झाकणावर दोन बोटं वाजवते, "येऊ का?" म्हणते आणि मामांसारखी थांबते. तेवढ्यात दर वेळी मला ते पहिले वीस जण आठवतात. मी मामांचं ऐकलं नाही म्हणून ते फुकट गेले.