बिनखाजेचे तास

कचेरीत तिला सगळे मापटं म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि तीही ओ द्यायची. कुठल्या औषधावर सरकारनं पैसा घालावा नि कुठल्यावर नाही, हे ठरवायचं तर आधी दुखण्यांची वजनं करावी लागतात. ती वजनं करायची रीत बसवण्यात तिची उभी हयात गेली होती.

रीत तशी सोपी. आजाऱ्याला विचारायचं, "दहा वर्षं असंच जगायचं, की त्यातली काही सोडून उरलेली ठणठणीत?" जो जास्त वर्षं सोडेल, त्याचं दुखणं जड. हा प्रश्न तिनं इतका घासूनपुसून ठेवला होता की दुसरी खातीही तो उसना न्यायची.

तोच प्रश्न खाजेपाशी येऊन अडला. जुनाट खाजेचे पेशंट एक दिवसही सोडेनात. वजन आलं शून्य. म्हणजे खाजेचं मलम फुकट औषधांच्या यादीतून जाणार. सोमवारच्या बैठकीत शिक्का बसायचा तेवढा बाकी.

तिला ते शून्य पचेना. घरी सोबतीला आत्या राहायची. तीच खाज, तेच मलम, आणि मलम संपलं की भाचीच्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी पाठीत घालून खसाखसा खाजवणं.

"आत्या, दहातली किती वर्षं सोडशील?"

"एक दिवस देणार नाही. कसला दळभद्री सौदा आणलायस?"

"म्हणजे खाज फारशी नाही म्हणायची."

फूटपट्टी थांबली. "बये, ये जरा माझ्या कातड्यात. मरण बसलंय कुठंतरी लांब, त्याच्याशी मी कशाला घासाघीस करू? खाज आत्ता येतेय."

भाचीनं हातातला चहा खाली ठेवला. पोती तोलायच्या काट्यावर आपण चिमूटभर मिरी ठेवली, तो हलणार कसा?

"बरं, वर्षं राहू दे. आजचाच दिवस धर. काही तास मेल्यासारखं झोपायचं, उरलेले बिनखाजेचे. किती झोपशील?"

"निम्मा दिवस घे. वर दुपारचं जेवणही सोडते."

मग तिनं त्याच पेशंटांना पुन्हा गाठलं नि तासांत विचारलं. वर्षाला हात न लावू देणारी माणसं तास मात्र सढळ हातानं देऊ लागली.

सोमवारी साहेबांनी चष्मा काढला. "मापटंबाई, जुना प्रश्न तुमचाच ना?"

"माझाच. जड दुखण्याला चालतो, हलकं दुखणं मात्र त्याला दिसतच नाही."

"मग आजवर तोललेली हलकी दुखणी?"

हे विचारतील, हे ती धरूनच आली होती. "तीही पुन्हा तोलायची."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण नवी तोलणी होईपर्यंत मलम राहू दिलं.

घरी आत्यानं सगळं ऐकलं, पाठ भिंतीला घासत. "आता कुणाकुणाला विचारत फिरणार?"

"खोकलेवाले, टाचदुखीवाले, कानात घुंई वाजणारे."

"फीर. मला परत विचारू नकोस. निम्मा दिवस म्हणजे निम्मा दिवस."