डॉक्टरीणबाईंचा ड्रम

"बसा ना मॅडम."

"बसायला नाही, राजीनामा द्यायला आलेय," असं म्हणून डॉ. वासंतींनी कागद माझ्या टेबलावर ठेवला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं आरोग्य कार्यालय भाड्याच्या जागेत, आणि त्यात दुष्काळ. मी आस्थापनेला होतो. म्हणजे कुठला डॉक्टर कुठे नेमला, कोण रजेवर, कोण पळाला, हे बघणारा. चाकूरजवळच्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आधीचे तीन डॉक्टर पाण्यावाचून पळाले होते. वासंतीबाईही गेल्या, तर अडलेल्या बाईला बैलगाडीतून अहमदपूर गाठावं लागणार होतं.

"पाणी मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळतं. म्हणूनच जातेय. महिन्याभरात तपासायला एक बाई आली नाही. मी नुसती पाणी पीत बसू?"

मी चमकलो. कारण पाण्याची ती व्यवस्था माझीच. टँकर आला की आधी डॉक्टरांच्या क्वार्टरपुढचा ड्रम भरायचा, मग गावानं. मोठा तीर मारला असं मला वाटत होतं.

आमचे जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, "कागद इनवर्ड करा. जाणाऱ्याला कोण धरून ठेवणार?"

इनवर्ड म्हणजे आवक नोंदवहीत नंबर पडणं. एकदा नंबर पडला की कागद पुढे जातोच.

"दोन दिवस द्या, साहेब."

"दोन दिवसांत पाऊस पाडणार का?"

मी कागद खिशात घातला आणि सकाळची एसटी धरली. चौथा डॉक्टर मी जाऊ देणार नव्हतो.

गावात टँकर लागलेलाच होता. पाईप आधी ड्रममध्ये. बायका घागरी घेऊन गप्प उभ्या. त्यांत गयाबाई नावाची म्हातारी होती, शेजारी तिची दिवस भरत आलेली सून.

"मावशी, सुनेला दवाखान्यात का दाखवत नाही?"

"बाई पाव्हणी हाय. आज हाय, उद्या न्हाई. तिच्या ड्रमापायी माझी घागर अर्धी ऱ्हाती. वर तिच्याच म्होरं दुखणं घेऊन बसू व्हय?"

मला माझीच लाज वाटली. बाईंना काय हवंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सरपंच शिवलिंगअप्पांना म्हणालो, "हा ड्रम बाळंतपणाच्या खोलीत हलवा. मॅडम रांगेत पाणी भरतील."

"न्हाई सायेब! डॉक्टरीणबाई रांगेत? गावाची अब्रू जाईल."

तेवढ्यात क्वार्टरचं दार उघडलं. वासंतीबाई घागर घेऊन आल्या आणि सरळ गयाबाईच्या मागे उभ्या राहिल्या.

"अप्पा, अब्रूचं नंतर बघू. माझा नंबर कितवा?"

गयाबाई मागे वळून हसली. "अशी धरत्यात व्हय घागर? काखंत घ्या." मग जरा आवाज खाली आणून, "बाई, सुनंचे पाय लई सुजलेत."

"घागर भरली की तिला लगेच घेऊन या."

सुनेचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं. बाईंनी तिला केंद्रातच ठेवून घेतलं. पंधरा दिवसांनी तिथेच मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्या बाळंतपणाला पाणी त्याच ड्रममधलं होतं.

नंतर कधीतरी मॅडम कार्यालयात आल्या. या खेपेला बसल्या.

"माझ्या कागदाचं काय झालं?"

"इनवर्ड व्हायचाय अजून."

"मग राहू द्या."

त्या तिथे नऊ वर्षं राहिल्या. त्यानंतर नव्या डॉक्टरचा पाहुणचार मी कुठल्याही गावाला करू दिला नाही. पाहुणा कितीही आवडला तरी शेवटी जातोच.