विचुंब्याचं मैदान

तळोज्याच्या कारखान्यात दर महिन्याला तपासणीसाठी जायचो, तेव्हा पनवेल स्टँडवर दर वेळी एकच रिक्षावाला मला गाठायचा. माझ्याजवळ गोल्फच्या काठ्यांची पिशवी असायची. "कुणालाही खेळता येईल असं मैदान आहे का इथे?" असं एकदा सहज विचारलं आणि त्याने ते काम अंगावरच घेतलं.

पत्ता विचारायचा तर इंजिन बंद करून, खाली उतरून. "चालत्या रिक्षातून इचारला तर मानूस काय बी सांगतो, शेठ."

तीन फेऱ्यांनंतर एका क्लबाचं मैदान सापडलं. पहारेकरी म्हणाला, "फक्त मेंबर."

"खेलाला पन मेंबर?" रिक्षावाला गेटकडे बघतच राहिला. मी नाद सोडला, त्याने नाही.

डिसेंबरात त्याने न विचारताच रिक्षा विचुंब्याला, त्याच्या गावी नेली. त्याच्या कापलेल्या भातशेतात मधोमध तांब्याएवढा खड्डा होता आणि शेजारी काठीला लाल फडकं. गावच्या म्हशी चरत होत्या.

"अहो, पण हे तुमचं शेत..."

"भात कापला का शेत गावाचा." त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "त्या म्हशींना कोन इचारतो, मेंबर हाय का? मारा, शेठ."