सुशीलाला चाललो

रफत जेवायला बसली की आधी समोरचीचं पुस्तक काढून घ्यायची. विचारायची नाही, भांडायची नाही. पुस्तक आपल्या बॅगेत टाकायची, चेन ओढायची आणि बॅग पाठीमागे ठेवून मगच ताटाकडे बघायची. लातूरच्या ज्या होस्टेलवर आम्ही मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी राहत होतो, तिथल्या मेसमध्ये प्रत्येकीच्या ताटाशेजारी एक उघडं पुस्तक असायचंच. त्यामुळे पहिल्या दिवशी मला ही पोरगी अतिशहाणी वाटली. माझी बायोलॉजी दे म्हटलं, तर म्हणाली, "देते की. आधी भाजी कशाची हाय ते सांग." मी ताटात पाहिलं. अर्धी पोळी खाऊन झाली होती आणि भाजी कशाची आहे ते मला खरंच माहीत नव्हतं.

दोडक्याची होती. रफतच्या मते तीत मीठही कमी होतं, आणि ते तिने उठून आचाऱ्याला सांगितलंसुद्धा.

ती उदगीरची. अब्बांचं तिथे शिलाईचं दुकान आणि घरातली सगळी माणसं खाण्याच्या बाबतीत चोखंदळ. खिचडीबरोबरचा चिंचेचा खट्टा जरा पातळ झाला तर आमच्या घरी आठवडाभर त्यावर बोलणं चालतं, असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची. मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे जेवणावर चर्चा नसते, वाढलेलं मुकाट्याने खायचं. लातूरला आल्यावर मी तेवढंही बंद केलं होतं. जेवणात गेलेला वेळ म्हणजे मागे पडलेला धडा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी एका रविवारी टेस्ट सुटल्यावर क्लासच्या जिन्यातच चक्कर येऊन पडले.

क्लासवाल्यांनी घरी कळवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर रागावले नाहीत. सोयाबीनची काढणी उरकली की येतो आणि तुला घेऊन जातो, एवढंच म्हणाले. डॉक्टर व्हायच्या नादात पोरगीच पेशंट झाली तर काय करायचं, असं ते मागे आईला विचारत होते तेही मला ऐकू आलं. अण्णा एकदा बोलले की तसंच करतात. माझं लातूर संपलं म्हणून मी खाटेवर रडत बसले.

रफतने रडणं थोडा वेळ चालू दिलं. मग डब्यातला घरचा धपाटा माझ्या हातात दिला. "घाबरायचं तर पोट भरून घाबर," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी भ्या लई लागतंय. काढणीला टाइम हाय अजून. तुझे अण्णा यायच्या आत तुला खाती करते."

आमची टेस्ट रविवारी सकाळी असे आणि उत्तरं दुपारी लागत. मधल्या वेळात सगळ्या मुली व्हरांड्यात उभ्या राहून एकमेकींची उत्तरं जुळवायच्या आणि पांढऱ्या पडायच्या. रफतने माझा हात धरून मला त्या घोळक्यातून बाहेर काढलं ते थेट क्लासमागच्या गल्लीतल्या छोट्या हॉटेलात. "पडलेले मार्क खाल्ल्यानं कमी होत न्हाईत," असं तिचं म्हणणं. तिथे सुशीला फार छान मिळायची. आमच्याकडचा हा साधा नाश्ता. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, डाळव्याचं कूट, शेंगदाणे, वर कोथिंबीर आणि लिंबू. मी सवयीने ती भराभर संपवली. रफतने लगेच दुसरी प्लेट मागवून माझ्यापुढे सरकवली.

"ती पोटात गेली, तोंडाला कळलीच न्हाई. ही आता खा."

ती स्वतः शेंगदाणे बाजूला काढून ठेवायची आणि सगळं संपल्यावर एकेक खायची. डोळे अर्धे मिटलेले. त्या वेळी तिला काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. हळूहळू माझंही तसंच व्हायला लागलं. रविवारची वाट टेस्टसाठी बघायची की सुशीलासाठी, हे मला सांगता येईना. मग कधी सुशीलाऐवजी निलंगा राईस, कधी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन डोसा. गंमत म्हणजे मार्क कमी झाले नाहीत. वाचलेलं डोक्यात राहायला लागलं आणि मुख्य म्हणजे जिना चढताना कठडा धरावा लागेना.

आमच्या रेक्टर काकू रत्नागिरीकडच्या, यजमानांच्या बदलीमुळे नुकत्याच लातूरला आलेल्या. रविवारी बाहेर पडताना त्या कुठे म्हणून विचारत. चहाला चाललो म्हणतात तशी रफत म्हणायची, "सुशीलाला चाललो, काकू." पहिल्यांदा काकूंनी प्रेमाने विचारलं, "कोण, मावशी का?" रफत म्हणाली, "तशीच समजा." मला हसू आवरेना, पण दसरा झाला तरी काकूंची समजूत तीच राहिली.

काढणी झाली आणि अण्णा आले. हातातल्या पिशवीतून निळी नायलॉनची दोरी डोकावत होती. माझी गादी बांधायला आणलेली. मी आता जेवते, असं मी सांगितलं, पण घरी जायचं नसल्यावर मी दुसरं काय सांगणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते सरळ काकूंच्या ऑफिसात गेले. आम्ही दोघी दाराशी उभ्या.

काकू खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. मेसमध्ये हिचं जेवण बेताचंच आहे म्हणाल्या. "पण दर रविवारी दोघी सुशीलाकडे जातात. तिथून आल्या की चांगल्या खुशीत असतात. तुमच्या नात्यातल्या का त्या?"

अण्णांचा चेहरा उतरला. लातुरात आमचं नात्यातलं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोण सुशीला? कुणाच्या घरी जाती तू?" गादीबरोबर आता माझी अब्रूही बांधली जाणार असं वाटलं.

रफत पुढे झाली. "मुरमुऱ्याची, काका. शेंगदाणे घातलेली."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "किती खाती?"

"दोन प्लेटा. अन् माझं लिंबूबी पिळून घेती."

अण्णा मटकन खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. माझ्या जेवणाची साक्ष देणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि काकूंना तर आपण काय सांगितलं हेच ठाऊक नव्हतं, म्हणजे साक्ष शिकवलेली नव्हती. मला इतकं मोकळं वाटलं की भिंतीला टेकून मीही रडले. "चला," अण्णा म्हणाले, "मलाबी भेटवा सुशीलाला." काकूंनाही त्यांनी आग्रह करून नेलं. मी दुसरी प्लेट संपवेपर्यंत अण्णांनी स्वतःच्या प्लेटला हात लावला नाही. जाताना दोरी रफतच्या हातात दिली. कपडे वाळत घाला म्हणाले. खिडकीपासून दारापर्यंत ती आमच्या खोलीत शेवटपर्यंत होती.

निकालाच्या दिवशी हॉटेलात मात्र रफतच खाईना. प्लेट पुढे तशीच, नजर फोनवर. मी तिचा फोन काढून बॅगेत टाकला आणि चेन ओढली. तिने माझ्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि शेंगदाणे बाजूला काढायला घेतले. तिचं एमबीबीएस हुकलं. फिजिओथेरपीला लातूरलाच जागा मिळाली, तेव्हा सुटले बाई म्हणून तिने तिसरी प्लेट मागवली. मी नांदेडला विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजात आले. इथे वॉर्डातून सुटल्यावर मेसमध्ये बसते तेव्हा पुस्तक खोलीवर असतं.

मागच्या आठवड्यात काकूंनी आम्हा दोघींना एकत्र फोन लावला. आता त्या सुशीला घरी करायला शिकल्या आहेत. मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "रविवारी दोघी या गं, सुशीला आहे."

पलीकडून रफतने अगदी गंभीरपणे विचारलं, "कोण, मावशी का?"