सरपंचबाईचा नवरा

बायको सरपंच झाली की नवऱ्याजवळ किस्से आपोआप साचतात. दुसरं काम कुठं उरते! मी सांगून राहिलो, नात लिहून राहिली. कळमेश्वरजवळचं आमचं गाव. जागा बायांसाठी राखीव निघाली आणि आमची शांता उभी राहिली. तिला एकच करायचं होतं: खालच्या मोहल्ल्यात नळ आणायचा. तिथल्या बाया अजून विहिरीवरून पाणी वाहतात.

*

निवडून ती आली, हार पडले माझ्या गळ्यात! मी हात जोडून "आशीर्वाद राहू द्या" म्हणत भाषणही ठोकलं. ती मागं उभी, माझी छत्री धरून.

घरी म्हणाली, "अवो, निवडून कोन आलं?"

"अवो" म्हणजे मी. लग्नात तिनं माझं नाव घेतलं, तेवढंच. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सगळ्याच "अवो" म्हणतात.

*

पहिल्या दिवशी ऑफिसात तिच्या आधी मीच जाऊन खुर्चीवर बसलो. ग्रामसेवक मॅडमनं कागद ठेवला. मला सही येत नाही, मी अंगठा पुढं केला!

"काकाजी, सरपंचबाईची सही पायजे."

शांता चौथी शिकलेली. तिनं सही केली, उभ्यानंच. मी बसलेलाच!

*

ती नागपूरला ट्रेनिंगला गेली. मी पिठलं करायला घेतलं, तर मीठ सापडेना. लावला फोन. तिच्यासमोर माईक चालू.

"फळीवर, हळदीच्या डब्यामागं!"

सगळ्या हॉलनं ऐकलं. बाकीच्या सरपंचबायांनी आपापले फोन बंद केले म्हणे!

*

चहाच्या टपरीवर माझा दोस्त वामन म्हणतो, "काहून गा, आता बायकोची परवानगी काढून येतं का?"

"परवानगी नाही गा. भांडे घासून येतो."

*

मग ग्रामसभा आली. नळाचा विषय निघाला. वामन ओरडला, "बाईले काय विचारता? भाऊले विचारा!"

सगळे माझ्याकडं वळले. मीही उठलो, घसा खाकरला. "पाहू, पुढच्या वर्षी..."

शांता म्हणाली, "अवो, बसा!"

मागं उभे होते ते सारे नवरे पटकन बसले. मी मात्र बोलतच होतो.

तिनं टेबलावर हात आपटला.

"नामदेव, खाली बसा! सरपंच मी आहो."

लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून माझं नाव! मी बसलो. बायांचे हात वर झाले, मग माणसांचेही. नळाचा ठराव पास!

पुढचा विषय सुरू झाला. मी हळूच पुन्हा उभा राहिलो.